मेजर बीटनचा शब्द

ऑर्वेग, ३ मे १९२३

रोरी,

तुझी आई समोर बसून सांगते आहे आणि मी लिहिते आहे, तेव्हा पहिला भाग तिचा समज. ती म्हणते, गाय व्याली, कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. कॅनडातली थंडी कोरडी असते असं जहाजाच्या एजंटाने सांगितलं असलं तरी त्याच्यावर विसंबू नकोस, लोकरीचे मोजे दोन-दोन घालत जा. तिकडे आपली गेलिक भाषा बोलणारा पाद्री नसेल तर इंग्रजी प्रार्थनेला बस, पण स्तोत्रं आपलीच म्हण. आणि तिला बरोबर न्यायचा हट्ट तू धरला नाहीस ते बरं केलंस. तुझा बाप इथे पुरलाय, तिला परक्या मातीत झोप लागायची नाही. मग तिने हळूच विचारलं, तुझे दोघे भाऊ फ्रान्सच्या मातीत कसे झोपत असतील. हे लिही असं काही म्हणाली नाही. मी लिहिलं.

आता ती गेली. पुढचं माझं आहे. चुलीत टाकायचं असेल तर आईचा भाग वाचून झाल्यावर टाक.

तू निघालास त्या दिवशी धक्क्यावर आमचा लॅक्लन उभा होता. तू त्याला पाहिलंस. त्याने हात पुढे केला तेव्हा तू डाव्या हातातली पेटी उजव्या हातात घेतलीस आणि पुढे गेलास. तुझ्या मागच्यांनीही तेच केलं. कुणी काही बोललं नाही, शिवी दिली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. शिवी दिली असती तर त्याला निदान उत्तर देता आलं असतं. जहाज दिसेनासं होईपर्यंत तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. पावसात. फ्रान्समधल्या त्या विषारी वायूने अर्धी जळलेली छाती घेऊन पावसात उभं राहणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको, तूच त्याला खंदकातून पाठीवर टाकून बाहेर आणलं होतंस.

चौदा साली चर्चच्या भिंतीवर चढून तो बोलला तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात होते. शाळामास्तरांचा मुलगा, गावातला पहिला शिकलेला, पहिला अधिकारी. गणवेश नवा होता, त्याला मानेजवळ टोचत होता, तो सारखं बोट घालत होता. तो म्हणाला, जो माझ्याबरोबर येईल त्याला परत आल्यावर ड्रुमोरमध्ये जमीन मिळेल, हा सरकारचा शब्द आहे आणि सरकारचा शब्द तो माझा शब्द. आपल्या आजोबांना हाकलून जिथे मेंढ्या आणून सोडल्या ती जमीन. म्हाताऱ्या रडायला लागल्या. तुम्ही सगळे गेलात. जितके गेलात त्याच्या निम्मेही परत आला नाहीत.

मी तुझ्याबरोबर 'येत नाही' म्हटलं त्याचं कारण तू विचारलंस आणि मी धड सांगितलं नाही. कारण एवढंच की भाऊ एकटा राहिला असता. तू म्हणालास, त्याला एकटं राहू दे. मला ते जमलं नाही.

लॅक्लन बरा आहे. सकाळी फिरायला जातो.

मार्सली

ऑर्वेग, १९ ऑगस्ट १९२३

रोरी,

तुझ्या आईची प्रकृती चांगली आहे. कालवड दांडगी झाली. तुझं पत्र नाही म्हणून ती टपालवाल्याशी भांडते, जणू त्यानेच वाटेत कुठे टाकलं असावं.

लॅक्लन बरा आहे असं मी लिहिलं होतं. तो बरा नाही. फिरायला जातो म्हणजे तुमच्या रिकाम्या घरांत जातो. निघताना तुम्ही चुलीतला विस्तव विझवलात ना, तो जाऊन एकेका घरात पुन्हा पेटवतो. जळणासाठी पीटच्या वाळक्या लाद्या स्वतः पाठीवर वाहून नेतो. मग दारात बसतो. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, घरं ओलीने खचतात. पंधरवड्यापूर्वी तुझ्या आईने पलीकडच्या चढावर धूर पाहिला आणि कुणीतरी परत आलं असं वाटून ती शाल न घेताच धावत वर गेली. आत लॅक्लन. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तरांच्या पोरा, माझी दोन मुलं तू नेलीस, तिसरा तुझ्यामुळे गेला. आता रिकाम्या घरात जाळ करून मला फसवू नकोस."

त्या दिवसापासून तो घरातच आहे. जेवत नाही म्हटलं तरी चालेल. ओटची लापशी पुढे ठेवते, तिच्यावर साय धरते, तशीच उचलते.

परवा तो माझ्याशी बोलला. जे बोलला ते तुला कळायला हवं असं मला वाटतं. त्याने सांग म्हटलेलं नाही, नको असंही म्हटलेलं नाही.

एकवीस साली तुम्ही गुरं घेऊन ड्रुमोरमध्ये शिरलात तेव्हा तुम्हीच पार्लमेंटात निवडून दिलेला तो लंडनहून धावत आला होता, आठव. कायदा झालाय, जमीन खातं मोजणी करणार आहे, माझ्या शब्दावर खाली उतरा, वसंतात मिळेल, असं त्याने सांगितलं. तू म्हणालास, "मेजरसाहेब, तुमच्या शब्दावर आम्ही याआधी एकदा वर चढलोय. आता खाली उतरायला सांगताय." आणि तरी तुम्ही उतरलात. तो खोटं बोलत नव्हता, रोरी. त्याला तसंच सांगितलं होतं. वसंत आला, जमीन त्या मेंढ्यावाल्या इलियटलाच पुन्हा भाड्याने दिली, तुम्ही पुन्हा शिरलात आणि तुरुंगात गेलात.

तेव्हा तो पार्लमेंटात ड्रुमोरवर बोलणार होता. सरकार त्याच्याच पक्षाचं, पण तो सरकारविरुद्ध बोलणार होता, आणखी काही जण त्याच्याबरोबर उभे राहणार होते. आदल्या दिवशी मंत्र्याने त्याला चहाला बोलावलं. म्हणाला, तुमची माणसं तुरुंगात आहेत, एक जण रक्त ओकतोय असा डॉक्टरांचा निरोप आहे. उद्या तुम्ही गप्प बसलात आणि ड्रुमोरचा विषय पुन्हा काढला नाहीत, तर ती सगळी लवकरच घरी असतील. लॅक्लनने रात्रभर विचार केला म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला नाही. बसून राहिला. वर्तमानपत्रांनी छापलं, तुम्ही वाचलंत, आणि निवडणुकीत त्याला पाडलंत. तुम्ही का सुटलात ते मात्र कुणी छापलं नाही.

त्याने हे इतके दिवस का सांगितलं नाही, मी विचारलं. म्हणाला, "उपकार केल्यासारखं झालं असतं."

तू त्याला माफ करावंस म्हणून मी हे लिहीत नाही. तू एका गद्दार माणसाचा तिरस्कार करतो आहेस, आणि तसा माणूस इथे राहत नाही, एवढंच.

मार्सली

ऑर्वेग, २ फेब्रुवारी १९२४

रोरी,

तुझं पत्र आलं. तुझ्या आईसाठीचं पान तिला तीनदा वाचून दाखवलं. तुला रेल्वेच्या रुळांवर काम मिळालं हे तिला आवडलं नाही, तुझ्या अंगावर गाडी धावून येतेय असं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे आहे. बाकी ती खूश आहे. ते पान ती उशाखाली ठेवते.

दुसरं पान माझ्यासाठी होतं. तुझ्या अक्षराचं वळण लॅक्लनने लांबूनच ओळखलं. त्याचा सार्जंट म्हणून तू लिहिलेले हजेरीचे कागद त्याने लढाईत चार वर्षं पाहिले आहेत. म्हणाला, वाच. मी म्हटलं, तुला वाचण्यासारखं नाही. म्हणाला, म्हणूनच वाच. मी वाचलं.

तू लिहिलं होतंस: 'आम्हाला सोडवा असं आम्ही कुणाला सांगितलं होतं? आम्ही ड्रुमोरसाठी आत बसलो होतो. आणखी वर्षभर बसलो असतो. जो रक्त ओकत होता तो बाहेर येऊनही मेलाच, घरच्या बिछान्यात मेला एवढंच. आत मेला असता तर त्या सरकारला ड्रुमोर द्यावीच लागली असती, आणि हे त्याला स्वतःला माहीत होतं, तो आम्हाला तसं म्हणालाही होता. मेजरने आमची जमीन गमावली असती तर मी समजून घेतलं असतं. त्याने आमचा तुरुंग विकला. आमच्याकडे तेवढंच होतं.'

लॅक्लन ऐकत होता. मी वाचताना कुठे थांबले की हाताने पुढे चल अशी खूण करत होता. पान संपलं. मग म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. मी त्यांना विचारलंच नाही. चौदा सालीही विचारलं नव्हतं. नुसतं सांगितलं होतं."

मी वाचलं नसतं तर, हा विचार मी करत नाही. तू लिहिलं नसतंस तर, हाही नाही.

त्या दिवसापासून तो जेवतो आहे. मला हायसं वाटायला हवं. वाटत नाही. फरशीवर बसून बापाची जुनी कुदळ घासत असतो.

मार्सली

ऑर्वेग, ११ मे १९२४

रोरी,

तुला हे वर्तमानपत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. लॅक्लन ड्रुमोरमध्ये शिरला आहे. एकटा.

एप्रिलमध्ये एका सोमवारी कुदळ, बियाण्याच्या बटाट्यांची गोणी आणि एक ताडपत्री हातगाडीवर घालून तो सकाळी निघाला. मी विचारलं, कुठे. म्हणाला, "रोरीच्या तुकड्यावर." एकवीस साली तू आखून घेतलेल्या खुंट्या अजून आहेत तिथे. तुझ्या आजोबांच्या घराची चार भिंताडं उभी आहेत, त्यांवर ताडपत्री ताणून तो तिथेच राहतो. दिवसभर खणतो. दहा वेळा कुदळ मारतो, मग दांड्यावर कपाळ टेकून श्वास जमवतो, मग पुन्हा. मी रोज भाकरी आणि खारवलेले हेरिंग मासे घेऊन जाते. घरी चल म्हणायचं मी सोडून दिलं आहे.

इलियट आला होता, कुत्री घेऊन. तुम्ही त्याला कितीही नावं ठेवलीत तरी माणूस वाईट नाही. दक्षिणेतून आला, भाड्याने जमीन घेतली, मेंढ्या पाळतो. टोपी काढून म्हणाला, "मेजर, हे तुम्हाला शोभत नाही. ती पोरं होती, त्यांना समज नव्हती. तुम्ही कायदे केलेले गृहस्थ." लॅक्लन म्हणाला, "म्हणूनच. तो कायदा कसा असतो ते मी पार्लमेंटात बसून पाहिलंय." इलियटने कुत्र्यांना बोलावून घेतलं आणि निघून गेला, पण तक्रार त्याला करावी लागली. त्याच्यावरही मालक आहेत.

तुझी आई रोज जाते. त्याच्याशी बोलायला नाही म्हणे, माझ्या मुलाच्या जमिनीवर काय चाललंय ते बघायला. धोंड्यावर बसून विणते आणि त्याला टोचते. "मास्तरांच्या पोरा, ही सरी आहे की मेंढीने मुतलेली रेघ? शाळेत रेघा मारायला शिकवलं नाही वाटतं बापाने." तो निमूटपणे सरी पुन्हा काढतो. गेल्या आठवड्यात तो वाकून इतका खोकला की गुडघ्यांवर आला. ती उठली, त्याच्या हातातली कुदळ घेतली आणि राहिलेली सरी स्वतः पुरी केली. मग कुदळ त्याच्यापुढे टाकून म्हणाली, "अशी." आणि पुन्हा विणायला बसली.

त्याला मी विचारलं, एकट्याने शिरून काय होणार आहे, जमीन थोडीच मिळणार. म्हणाला, "नाहीच मिळणार. पण मी त्यांना सांगायला हवं होतं, चला, मी पुढे होतो. मी लंडनला पुढे झालो."

काल समन्स आलं.

मार्सली

ऑर्वेग, १२ ऑक्टोबर १९२४

रोरी,

उशीर झाला. तुझी आई रागावली आहे, ती म्हणते मी तिची बातमी तुला पाठवत नाही. ती ठीक आहे. गुडघे दुखतात. कालवड विकली नाही, तू आल्यावर दूध हवं म्हणते.

न्यायाधीश लॅक्लनला चांगला ओळखत होता. त्याच्या घरी लॅक्लन जेवायला गेलेला आहे. खटला असा नव्हताच. तो म्हणाला, मेजर बीटन, पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही एवढं कबूल करा आणि घरी जा. लॅक्लन म्हणाला, ते माझ्याकडून कबूल होणार नाही. न्यायाधीश म्हणाला, तुमच्या पदकांकडे बघून मी विनंती करतो आहे. लॅक्लनने सांगितलं की पदकं घरी आहेत, आणि ज्यांनी ती मिळवून दिली त्यांना याच जागेवरून तुरुंगात पाठवलं होतं, तेव्हा त्यांच्या पदकांकडे कुणी पाहिलं होतं का. मग न्यायाधीशाने मान खाली घालून शिक्षा लिहिली. उन्हाळाभर तो आत होता. वर्तमानपत्रांनी 'बटाटेवाला मेजर' म्हणून चित्र काढलं. चांगलं काढलं होतं, नाक अगदी त्याचंच.

मी भेटायला गेले तेव्हा त्याने एकच गोष्ट विचारली, रोरी कुठल्या कोठडीत होता ते तुला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. तुरुंगाच्या माणसालाही त्याने विचारलं होतं, त्यालाही आठवत नव्हतं. त्याला ते फार लागलं.

सप्टेंबरात सुटला. स्टेशनवरून घरी न येता सरळ ड्रुमोरला गेला. इलियटच्या मेंढ्यांनी कुंपण मोडून बटाट्याची पानं खाल्ली होती, खुरांनी सऱ्या सपाट झाल्या होत्या. लॅक्लन फाटलेली ताडपत्री शिवत बसला.

परवा पक्षाचे एक गृहस्थ मोटार घेऊन आले. सरकार पडलंय, पुन्हा निवडणूक आहे. मला वाटलं, समजावायला आले असतील. ते म्हणाले, "बीटन, लोक तुम्हाला विसरले होते. आता प्रत्येकाच्या तोंडी तुमचं नाव आहे. जमिनीसाठी तुरुंगात गेलेला मेजर. याच्यापुढे कुणी टिकायचं नाही." लॅक्लन ओल्या भिंतीला टेकून बसला होता. त्याने विचारलं, "निवडून आल्यावर मी काय करायचं?" ते म्हणाले, "ते नंतर बघू." लॅक्लन हसला. किती वर्षांनी हसला. हसता हसता खोकला लागला तो थांबेना, रुमाल लाल झाला. गृहस्थ मोटारीकडे वळले तेव्हा तो म्हणाला, "मी लोकांना दोनदा घेऊन गेलो. आता कुणालाही कुठेही नेणार नाही."

थंडी सुरू झाली आहे. तो तिथून हलत नाही. रोरी, तू त्याला एक ओळ लिहिशील का. काहीही लिही. शिवी लिही.

मार्सली

ऑर्वेग, ३० नोव्हेंबर १९२४

रोरी,

लॅक्लन गेला. गेल्या मंगळवारी दुपारी.

त्याला घरी इलियटने आणलं. मी आणि तुझी आई ओढत होतो, तो भिंत सोडत नव्हता, अंगात ताप इतका की हात लावला तर पोळत होतं. इलियट मेंढ्यांकडे चालला होता. तो गाडी घेऊन आला, लॅक्लनला उचललं, वर आपला कोट घातला. सगळ्या वाटेने लॅक्लन त्याला 'सार्जंट' म्हणत होता. तुझ्या नावाने नाही, नुसतं 'सार्जंट'. पण तूच तो.

घरी तो आणखी काही दिवस होता. बरंचसं बरळणं. एकदा मात्र अगदी शुद्धीवर होता, बाहेर ऊन पडलं होतं. मला म्हणाला, "तू त्याच्याबरोबर जायला हवं होतंस. मी तुला थांब म्हटलं नव्हतं."

मी म्हटलं, "नव्हतं म्हटलंस."

तो म्हणाला, "मग?"

मी त्याच्या अंगावरची घोंगडी सारखी केली. त्याने वाट पाहिली आणि मग डोळे मिटले. हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. रागाने म्हणाला नाही. खरंच कळत नव्हतं त्याला. मला हे सारखं ऐकू येतं, रोरी. शाळेत मुलांना पाढे म्हणून घेताना ऐकू येतं.

आता पुरण्याचं. आपलं स्मशान किती लांब आहे ते तुला माहीत आहे, आणि शवपेटी गाडीवरून न्यायची आपली पद्धत नाही. खांदा द्यायला आठ माणसं लागतात आणि वाटेत बदलायला आणखी आठ. गावात कोण आहे? चर्चचा वडीलधारा मर्डो, तो सत्तरीच्या पुढचा. टपालवाला. इलियट आणि त्याचा मेंढपाळ. बाकी सगळ्या आम्ही. बायका स्मशानापर्यंत जातही नाहीत, दारातून निरोप देतात, हे काही मी तुला सांगायला नको. त्या चौघांनी पेटी उचलली आणि ओढ्याच्या पुलापर्यंत नेली. तिथे मर्डोचे पाय लटपटले. पेटी वाटेवर टेकवावी लागली. पाऊस बारीक पडत होता. आम्ही दारांत उभ्या राहून हे पाहत होतो.

तुझी आई चालायला लागली. तिच्यामागे मी, मग सगळ्या. मर्डो हात आडवे करून म्हणाला, "बायका खांदा देत नाहीत, एफी. हे कधी झालेलं नाही."

ती म्हणाली, "मग पुरुष आण."

तो बाजूला झाला. तुझ्या आईने शालीची घडी करून खांद्यावर ठेवली. मी तिला म्हटलं, तुमचे गुडघे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी दोन मुलं यानेच नेली. आता याला मी नेते."

आम्ही नेला. ड्रुमोरच्या कडेने वाट जाते तिथे खांदे बदलायला थांबायचं ठरलं होतं, पण ती थांबली नाही, म्हणून कुणीच थांबलं नाही. पुरून झाल्यावर स्तोत्र म्हणायला सुरुवात कोण करणार हे कळेना. सुरुवात नेहमी पुरुष करतात. इलियटला गेलिक येत नाही. मर्डोला दम लागला होता. शेवटी न म्हणताच आम्ही परत आलो.

तुझी ओळ आली नाही. टपालाला उशीर होतो, मला माहीत आहे.

मार्सली

ऑर्वेग, २६ एप्रिल १९२५

रोरी,

तुझं पत्र नाताळानंतर आलं, लॅक्लनच्या नावाने. मी ते उघडलं नाही. जसंच्या तसं ठेवलं आहे. त्यात काय होतं ते मला सांगू नकोस.

हे लिहिते आहे ते वेगळ्याच कारणासाठी, आणि तू नीट वाच.

गेल्या बुधवारी जमीन खात्याचा अधिकारी आला. तरुण आहे, एडिनबराचा, बुटांना चिखल लागला की हळहळतो. बरोबर नकाशा, खुंट्या, मोजणीची साखळी. ड्रुमोर मंजूर झाली आहे. वर्तमानपत्रांत लॅक्लनचं इतकं आलं की वर कुणाला तरी लाज वाटली असावी, किंवा निवडणुकीत कुणीतरी कबूल केलं असावं, मला माहीत नाही. तुकडे पाडून लढाईवरून परतलेल्यांना द्यायची. अगदी चौदा साली भिंतीवर चढून त्याने सांगितलं होतं तशीच.

त्याने आम्हाला शाळेत जमवलं आणि विचारलं, अर्जदार कोण कोण आहेत. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी म्हटलं, अर्जदार कॅनडात आहेत. तो म्हणाला, अर्ज करणारा सैनिक इथे राहणारा हवा, नियम तसा आहे. मी म्हटलं, माझा भाऊ इथे राहणारा होता. त्याने सहानुभूती व्यक्त केली, चांगल्या शब्दांत. मग सांगितलं, कुणीच पुढे आलं नाही तर जमीन इलियटकडेच भाड्याने राहील, कागद तो बरोबरच घेऊन आला होता.

तेव्हा तुझी आई उठली. टेबलापाशी गेली, कागदावर बोट ठेवलं आणि गेलिकमध्ये म्हणाली, "रोरी गिलीस. लिही." मी इंग्रजीत सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तो येणारा नाही. हे तिला कळू नये म्हणून इंग्रजीत म्हटलं. ती म्हणाली, "काय कुजबुजताय? येईल तो. ड्रुमोर मिळाली म्हटल्यावर पोहत येईल. लिही."

तो तरुण माणूस बराच गोंधळला. मग त्याने पेन्सिल घेतली आणि कागदापासून केसभर वर धरून हलवली, जणू लिहितो आहे अशी. एक ओळभर. कागद कोराच राहिला. वर बघून तिला हसून मान डोलावली.

तुझ्या आईला वाचता येत नाही. तिने मला विचारलं, "लिहिलं का गं?"

मी म्हटलं, "लिहिलं."

ती तेव्हापासून रोज ड्रुमोरला जाते आणि दगड वेचते. तुझ्या नांगराला लागू नयेत म्हणून. दुपारी मी भाकरी नेते आणि तिच्याबरोबर वेचते.

तू येऊ नकोस. येऊन मिळण्यासारखं इथे काही नाही. जमीन इलियटकडे गेली आहे आणि तो बिचारा तिला वेचू देतो. पण येत नाही असं तिला लिहूही नकोस. रेल्वेचं लिही, थंडीचं लिही, मोजे घालतो असं लिही. यायचं कधी हे तिने विचारलं तर पुढच्या वर्षी म्हण. मी वाचून दाखवीन.

मार्सली